किल्लो खंय गेलो? स्वानमधल्या नेस्टेड ग्रिडचे आठ महिने

लाटांच्या मॉडेलचा पहिला नकाशा काकांना दाखवला तो गणपतीत. मालवणच्या घरी, आरती उरकल्यावर, ओटीवर लॅपटॉप उघडून. निळ्यापासून लालपर्यंत रंग, लाटांच्या दिशेचे बाण, सगळं नटवलेलं. काकांची सगळी हयात होडीवर गेली. त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "झिला, किल्लो खंय गेलो?"

किल्ला खरंच नव्हता. माझ्या ग्रिडचा एकेक चौकोन १.१ किलोमीटरचा. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर आहे ते सगळं मिळून ४८ एकर, म्हणजे एका चौकोनाचा जेमतेम सहावा हिस्सा. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला मी सरासरी काढून बुडवला होता, आणि त्याच्याभोवतीची खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, तर कुठल्या कुठे.

तेव्हापासून स्वानमध्ये नेस्टिंग, म्हणजे मोठ्या ग्रिडच्या आत बारीक ग्रिड, करतोय. मी पुण्यात किनारा संरक्षणाची कामं करतो. धूपप्रतिबंधक भिंत किती उंच, दगड किती वजनाचा, हे ठरवायला किनाऱ्याजवळची लाट लागते. स्वान हे नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाचं लाटांचं मॉडेल. फुकट, सोर्स कोड खुला, साध्या लॅपटॉपवरही चालतं. पैशाच्या हिशेबाने तक्रारीला जागा नाही. डोक्याच्या हिशेबाने थोडी आहे.

आधी एक गैरसमज. नवीन माणूस म्हणतो, लाट शंभर मीटर लांब, मग ग्रिड दहा मीटरची तरी हवीच ना? नको. स्वान एकेक लाट मोजत नाही. कुठल्या दिशेने, किती सेकंदांच्या लाटांतून किती ऊर्जा चालली आहे, एवढाच हिशेब ते प्रत्येक बिंदूवर ठेवतं. बारीक ग्रिड लागते ती तळासाठी. जिथे तळ सपाट आहे तिथे पाच किलोमीटरचा चौकोनही चालतो. मालवणसारख्या खडपाळ बंदरात नाही चालत.

मग सगळीकडेच ४० मीटरची ग्रिड का लावत नाही? गणित करून बघा. माझं बाहेरचं क्षेत्र साधारण ३०० बाय २०० किलोमीटर. ४० मीटरने भागलं तर पावणेचार कोटी बिंदू. प्रत्येक बिंदूवर ७२ दिशा आणि ३२ फ्रीक्वेन्सी, म्हणजे आठ हजार सहाशे कोटींवर आकडे, तेही प्रत्येक टाइम स्टेपला. त्याऐवजी फक्त मालवणभोवतीच्या ६ बाय ८ किलोमीटरला ४० मीटर लावलं तर बिंदू ३०,०००. बाराशे पन्नास पटींचा फरक. म्हणून ग्रिडच्या आत ग्रिड. बाहेरची ०.०५ अंशाची, म्हणजे साडेपाच किलोमीटर. तिच्या आत १.१ किलोमीटर, मग २०० मीटर, मग ४०. बाहेरचा रन आतल्या ग्रिडच्या चारही कडांवरचे स्पेक्ट्रम, म्हणजे तोच दिशा आणि सेकंदांनुसार ऊर्जेचा हिशेब, एका फाइलीत लिहून ठेवतो आणि आतला रन ती फाइल उचलतो. कमांड मोजून तीन. एका दुपारी शिकून होतं. पुढचे आठ महिने कशात गेले, ते सांगतो.

पहिला घोळ चिन्हाचा. जेबकोचा जागतिक तळनकाशा घेतला. त्यात समुद्र उणे आणि जमीन अधिक. स्वानला खोली अधिक लागते आणि उणे म्हणजे जमीन. मी उलटवायला विसरलो. मॉडेलने हूं की चूं न करता अरबी समुद्राची जमीन केली आणि ग्रिडच्या उजव्या कडेला आंबोलीला जवळजवळ ७०० मीटर खोल समुद्र. सह्याद्रीवरून लाटा फिरत होत्या, दिसत होत्या मात्र सुंदर. उपाय काय, तर खोली वाचण्याच्या ओळीत उणे एकने गुणायचं. तेव्हापासून प्रत्येक ग्रिडचा खोलीचा नकाशा आधी डोळ्यांनी बघतो, मगच रन लावतो.

दुसरा घोळ हावरेपणाचा. मधली २०० मीटरची ग्रिड गाळली आणि १.१ किलोमीटरवरून थेट ४० मीटरवर उडी मारली. एक रन वाचला म्हणून खूश. आतल्या ग्रिडच्या कडेला लाटांची उंची ठिपक्याठिपक्यांनी उड्या मारत होती. दोन दिवस कोड उकरत बसलो. कारण कोडमध्ये नव्हतंच. एकाच जागी बाहेरची ग्रिड सरासरीने ९ मीटर खोली सांगत होती आणि आतली १४. बाहेरच्या रनमध्ये लाट ९ मीटरच्या हिशेबाने आधीच वळलेली, चढलेली, आणि तशीच १४ मीटर पाण्यात आणून सोडलेली. आता साधारण पाचपटीहून मोठी उडी घेत नाही, तीनपट मिळाली तर उत्तम. आणि आतल्या ग्रिडची समुद्राकडची कड अशा जागी ठेवतो जिथे दोन्ही ग्रिडच्या खोल्या जुळतात, म्हणजे खडपांच्या बऱ्याच बाहेर, तळ साधा उतरता असेल तिथे. माझ्या मते नेस्टिंगमधलं सगळ्यात मोलाचं काम ही मधली ग्रिड करते, आणि रिपोर्टमध्ये तिचा नकाशा कोणी छापतसुद्धा नाही.

तिसरी गोष्ट तळाच्या माहितीची. जेबकोचं अंतर १५ सेकंद, म्हणजे साधारण साडेचारशे मीटर. त्यावरून ४० मीटरची ग्रिड भरली की तळ लोण्यासारखा गुळगुळीत मिळतो. नकाशा बारीक दिसतो, खडपं नसतातच. मग स्थानिक सर्व्हे मागवला. आकडे छान, शेजारीशेजारी घेतलेले, पण खोली कशापासून मोजली ते कुठेच लिहिलेलं नाही. मी चार्ट डेटम धरलं, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीची पातळी. नंतर कळलं, त्यांनी सरासरी समुद्रपातळी धरली होती. मीटरभराचा फरक. वीस मीटर पाण्यात मीटरभराने काही बिघडत नाही, खडपावर सगळं बिघडतं. दीड मीटर पाण्यात स्वानच्या ठरलेल्या ०.७३ गुणकाने फार तर १.१ मीटरची लाट टिकते, बाकीची फुटते. त्याच खडपावर उधाणाच्या भरतीला साडेतीन मीटर पाणी असेल तर अडीच मीटरची लाट न फुटता आत येते. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "मगे! सुकतीक खडप राखता, भरतीक नाय." सुकती म्हणजे ओहोटी. मी मात्र सुरुवातीचे दोन महिने पाण्याची पातळी एकच ठेवून रन लावत होतो. आता आतल्या दोन ग्रिडना ताशी पातळी देतो. बाहेरच्या दोनांना दिली काय, न दिली काय, फरक दिसत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते जानेवारीने. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दोन समुद्र एकदम येतात. दक्षिणेच्या महासागरातून निघालेली लांब, संथ लाट नैर्ऋत्येकडून, आणि अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांची आखूड लाट वायव्येकडून. मी सगळ्यात बाहेरच्या कडेवर ईआरए-५ या जागतिक हवामानाच्या डेटामधून एक उंची, एक कालावधी, एक सरासरी दिशा दिली होती. नैर्ऋत्य आणि वायव्य यांची सरासरी काय? पश्चिम. जिकडून त्या दिवशी लाट येतच नव्हती! ४० मीटरच्या ग्रिडमध्ये किल्ला आता दिसत होता, त्याची सावलीही, म्हणजे आडोशाचं शांत पाणी, पडत होती, पण सरळ पूर्वेला, नेमकी बंदरावर. खऱ्या दोन सावल्या पडायला हव्यात, एक ईशान्येला, एक आग्नेयेला. म्हणजे आतल्या ग्रिडने काटेकोरपणे, रात्रभर पंखा घरघरवत, चुकीचं उत्तर काढून दिलं. कडेवर पूर्ण स्पेक्ट्रम दिल्यावर ते सुधारलं. त्याच वेळी दिशाही ३६ वरून ७२ केल्या, कारण लांबून आलेली लाट दहा-दहा अंशांच्या फटींतून बागेतल्या झारीसारखी धारांनी येते. आणि एक, दक्षिणेची कड उघडी सोडू नका. नैर्ऋत्येची लाट तिथूनही शिरते. तिथे काही दिलं नाही की वेंगुर्ल्यापासून वर शांत पाण्याचा एक खोटा त्रिकोण तयार होतो.

वेळेबद्दल थोडक्यात. बाहेरच्या ग्रिडमध्ये दहा सेकंदांच्या लाटांची ऊर्जा सेकंदाला पावणेआठ मीटर सरकते, ३०० किलोमीटर कापायला तिला दहा-अकरा तास लागतात. तिथे काळाबरोबर बदलणारा रन हवाच. आतल्या सहा किलोमीटरला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, म्हणून तिथे तासातासाचा स्थिर रन लावतो आणि रात्र वाचवतो. प्रिंट फाइल मात्र वाचायची. "९९.५ टक्के बिंदूंवर उत्तर स्थिरावलेलं हवं" असं ती मागते आणि माझा रन कित्येकदा सत्त्याण्णववर अडून पन्नास फेऱ्या संपवायचा. दोन खडपांमधला एक एकटा खोल बिंदू कारण निघाला. हाताने सपाट केला, रन सुटला. पद्धत शुद्ध नाही, पण मी केली आहे, लपवत नाही.

काय जमत नाही तेही लिहितो. नेस्टिंग एकेरी आहे, आतली ग्रिड बाहेरचीला काही सांगत नाही. मालवणात त्याने अडत नाही. दुहेरी हवं असेल तर वेव्हवॉच थ्री या दुसऱ्या लाटांच्या मॉडेलकडे जा. किल्ल्याच्या अगदी पाठीशी, धक्क्याच्या आडोशाला जे पाणी हलतं त्यासाठी स्वानवर भिस्त ठेवू नका. लाट कडेवरून वळून आत शिरते ते त्याला कामचलाऊच कळतं, आणि ग्रिड ५ मीटरची केली म्हणून ते सुधारत नाही. एका ग्राहकाने तसा हट्ट धरला होता. मी नाही म्हटलं, काम दुसरीकडे गेलं. त्रिकोणी जाळीचा पर्यायही स्वानमध्ये आहे, त्यात नेस्टिंगची कटकटच नाही. पण चांगली जाळी विणायला जो धीर लागतो तो माझ्याकडे मार्च महिन्यात नव्हता.

आणि देवबाग राहिलंय. कर्लीच्या मुखाशी सुकतीला नदीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते आणि ती तिथल्या तिथे उभी राहते, आखूड, चढी. माझ्या ग्रिडमध्ये प्रवाहच दिलेला नाही, त्यामुळे तिथे सगळं निवांत दिसतं. परवा नवा नकाशा दाखवला. काकांनी किल्ला बघितला, खडपांमधली होडीची वाट बोटाने शोधली, ती सापडली. मग बोट खाली देवबागेवर आणलं आणि माझ्याकडे बघून नुसतं हसले. मासेमारी बंदी लागायच्या आत, म्हणजे १ जूनच्या आधी, त्यांच्याच होडीतून मुखाशी जाऊन प्रवाह मोजायचा ठरला आहे.