नाव के5000एम, आतून निघालं के3000एम : लॅपटॉपसाठी जुनं ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांनी वाचा

ज्यांच्याकडे डेलचा प्रिसिजन एम6700, एचपीचा 8770डब्ल्यू असले जुने जाडजूड वर्कस्टेशन लॅपटॉप आहेत आणि जे ऑनलाइन सेकंडहँड कार्ड शोधतायत त्यांच्यासाठी लिहितोय. या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डला सोल्डर केलेलं नसतं, एमएक्सएम नावाच्या स्लॉटमध्ये वेगळं बसवलेलं असतं, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) सोडवला की कार्ड हातात येतं. म्हणून तर या कार्डांना अजून गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक आहे म्हणून लबाडीही आहे.

माझ्या एम6700 मध्ये मूळचं एनव्हिडियाचं क्वाड्रो के3000एम कार्ड होतं, 2 जीबीवालं. 3डीची कामं करताना ते रडायला लागलं, सीन जरा मोठा झाला की मेमरी संपायची. के5000एम घ्यायचं ठरवलं कारण ते याच लॅपटॉपला कंपनीने स्वतः दिलेलं कार्ड, म्हणजे बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अडवणार नाही, ड्रायव्हरची फाइल हाताने बदलत बसायला नको, आणि 576 च्या जागी 1344 क्युडा कोर (कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग) आणि 4 जीबी मेमरी. विक्रेत्याचं रेटिंग चांगलं, फोटो स्वच्छ, कार्डावर के5000एम लिहिलेलं स्टिकर, सोबत जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट. किंमत संशय यावा इतकी कमीही नव्हती, बाकीच्यांपेक्षा थोडीशीच कमी. पक्का मुरलेला माणूस, एकदम पडेल भाव लावला तर लोक बिचकतात हे त्याला बरोबर माहीत असणार.

कार्ड आलं, बसवलं, पहिल्याच फटक्यात सुरू झालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्वाड्रो के5000एम, जीपीयू-झेडमध्ये 1344 कोर, 4096 एमबी, सगळं जिथल्या तिथे. पण रेंडर (सीनचं अंतिम चित्र बनवायचं काम) लावला तर वेळ जवळपास जुन्या कार्डाइतकाच! तापमान तेवढंच, पंख्याचा आवाज तेवढाच. के3000एम 75 वॉटचं कार्ड आणि के5000एम 100 वॉटचं, म्हणजे काहीतरी फरक जाणवायला हवा की नाही. आणि मोठा सीन उघडला की मेमरीचा आकडा 2 जीबीच्या आसपास गेला रे गेला की स्क्रीनवर रंगीत ठिपके आणि ड्रायव्हर क्रॅश.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर लगेच, भाषा एकदम गोड. आधी म्हणे बायोस अपडेट करा, मग ऑप्टिमस (दोन ग्राफिक्समध्ये आपोआप अदलाबदल करणारी सोय) बंद करा, मग दुसरा ड्रायव्हर टाका, मग विंडोज नवीन टाका, मग म्हणे तुमचा अडॅप्टर कमी पडतोय (240 वॉटचा ओरिजिनल आहे हो). प्रत्येक सल्ला वरवर पाहता बरोबरच, म्हणून माणूस करत बसतो, आणि तिकडे तक्रारीची मुदत संपत येते. त्याला हवंच ते असतं, कार्ड दुरुस्त व्हावं ही त्याची इच्छाच नसते.

शेवटी क्युडा-झेड चालवलं, हे सॉफ्टवेअर चिपमध्ये खरंच किती मल्टिप्रोसेसर (कोरचे गट) चालू आहेत ते दाखवतं. के5000एममध्ये 7 मल्टिप्रोसेसर असतात, प्रत्येकात 192 कोर, म्हणून 1344. इथे दिसले 3. तीन गुणिले 192 म्हणजे 576, म्हणजे माझंच जुनं कार्ड की!

मग कार्ड बाहेर काढलं, चिपवरची थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. चिपच्या आरशासारख्या पाठीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, सरळ बघितलं तर दिसत नाहीत, टॉर्च तिरका धरावा लागतो. के5000एमवर एन14ई-क्यू5-ए2 असायला हवं. निघालं एन14ई-क्यू1-ए2. शेजारी माझं मूळ कार्ड ठेवलं, त्यावर पण क्यू1. शिवाय चिपच्या कडेने पिवळट चिकट फ्लक्स (सोल्डर करताना लावतात ते रसायन) साचलेला, म्हणजे मेलेलं कार्ड गरम हवा मारून तात्पुरतं उठवलेलं असण्याची शक्यताही दाट. आणि ते स्टिकर नखाने सहज निघालं, खाली आधीच्या स्टिकरचा गोंद. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

हे जमतं कसं तर विंडोज कार्डाला नाव देतं ते डिव्हाइस आयडी बघून. के3000एमचा आयडी 11बीई, के5000एमचा 11बीसी. कार्डावरचा व्हीबायोस (कार्डाचा स्वतःचा बायोस) बदलून 11बीसी सांगायला लावलं की ड्रायव्हर आपल्या यादीतून के5000एम हे नाव उचलतो आणि जीपीयू-झेडसुद्धा त्या आयडीवरून कोरचा आकडा दाखवतं. जीपीयू-झेड 2018 पासून बनावट कार्डापुढे फेक असं लिहितं हे खरं, पण ती तपासणी मुख्यतः जुन्या पिढीची चिप नव्या नावाने खपवली तर पकडते. इथे दोन्ही कार्डांची चिप जीके104 च आहे, फक्त एकात बरेच भाग कायमचे बंद केलेले. त्यामुळे नुसत्या स्क्रीनशॉटला काडीचीही किंमत देऊ नका. मल्टिप्रोसेसरचा आकडा बघा आणि मेमरी खरोखर भरून बघा, तेही कार्ड आल्या आल्या, आठवड्याने नाही.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. मी चिपचा फोटो लावून साइटवर डिस्प्यूट (तक्रार) टाकला तर त्याच दिवशी मेसेज, अर्धे पैसे देतो, आधी डिस्प्यूट मागे घ्या, नाहीतर माझं खातं अडकतं आणि मला पैसे पाठवताच येत नाहीत. हे अजिबात करू नका. डिस्प्यूट एकदा स्वतःहून बंद केला की बहुतेक ठिकाणी त्याच ऑर्डरवर परत उघडता येत नाही, मग तो माणूस फोनही उचलणार नाही. मी नाही म्हटल्यावर म्हणाला कार्ड मी सांगतो त्या पत्त्यावर कुरिअर करा, तो पत्ता साइटवरच्या रिटर्न पत्त्यापेक्षा वेगळा! तिकडे पाठवलं असतं तर साइटच्या लेखी कार्ड परत गेलंच नाही. मी साइटच्या लेबलवरच पाठवलं, पॅक करताना सीरियल नंबर आणि चिपवरची अक्षरं दिसतील असा सलग व्हिडिओ काढून. बरं झालं काढला, कारण पुढे त्याने खरंच दावा केला की मी कार्ड बदलून पाठवलं. व्हिडिओ बघून साइटने पैसे परत केले, कुरिअरचा खर्च मात्र माझ्याच डोक्यावर.

के5000एम अजून मिळालेलं नाही. आता कोणी कार्ड दाखवलं की मी एवढंच विचारतो, हीटसिंक काढून पेस्ट पुसून चिपवरच्या अक्षरांचा फोटो द्याल का, शेजारी कागदावर आजची तारीख लिहून. परवा एकाने आधी भरपूर गप्पा मारल्या, रेट पण कमी केला, फोटो मागितला तर म्हणे पेस्ट पुसली की वॉरंटी जाते. दहा वर्षांपेक्षा जुन्या कार्डाची कसली डोंबलाची वॉरंटी?