जर्मन संज्ञांच्या कामात माझे ३५,००० रुपये कसे बुडाले

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी मुलुंडला घरीच जर्मन-इंग्रजी तांत्रिक भाषांतर करतो. गेल्या वर्षी अंधेरीचा पत्ता देणाऱ्या एका भाषांतर संस्थेने धरण व जलविद्युत प्रकल्पाच्या कागदपत्रांतील १,१०० जर्मन संज्ञांना इंग्रजी प्रतिशब्द देण्याचे काम माझ्याकडे सोपवले. दर संज्ञेमागे ३५ रुपये ठरला. पहिल्या १०० संज्ञांचे ३,५०० रुपये दुसऱ्याच दिवशी खात्यात जमा झाले आणि तिथेच मी निर्धास्त झालो. उरलेल्या १,००० संज्ञा पाच आठवडे खपून पूर्ण केल्या आणि एकगठ्ठा पाठवून दिल्या.

हे काम शब्दकोश उघडून उरकण्यासारखे नाही. ‘श्टाउमाउअर’ म्हणजे काँक्रीटचे किंवा दगडी बांधकामाचे धरण आणि ‘श्टाउडाम’ म्हणजे मातीच्या किंवा दगडाच्या भरावाचे. इंग्रजीत दोन्हींना नुसते ‘डॅम’ लिहिले, तर वाचणाऱ्या अभियंत्याची दिशाभूल होते. ‘शुट्झ’ हा बंधाऱ्यावर पाणी अडवणारा दरवाजा असतो, पण तोच शब्द विजेच्या आराखड्यात आला की त्याचा ‘काँटॅक्टर’, म्हणजे विद्युतप्रवाह चालू-बंद करणारा स्विच, होतो. म्हणून ज्या संज्ञा डीआयएन ४०४८ या जर्मन मानकात सापडल्या, त्या मी त्याच्याशी ताडून पाहिल्या होत्या.

वीस दिवसांनी पैशांऐवजी ‘तज्ज्ञ परीक्षकांचा’ अहवाल आला. त्यात ३१२ चुका दाखवून काम नाकारले होते व मोबदला मिळणार नाही असे कळवले होते. टर्बाइन एकाएकी बंद झाल्यावर बोगद्यातील दाबाचा धक्का जी टाकी झेलते, ती ‘वासरश्लॉस’. तिच्यापुढे मी ‘सर्ज टँक’ लिहिले होते. परीक्षकांनी ते खोडून शब्दशः ‘वॉटर कॅसल’, म्हणजे पाण्याचा किल्ला, केले होते! सांडव्याच्या दरवाजांच्या यादीतही ‘शुट्झ’चा ‘काँटॅक्टर’ झाला होता. जलअभियांत्रिकी जाणणाऱ्या कोणीही हे तपासलेले नाही, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. परीक्षकांचे नाव मी तीनदा लेखी विचारले, पण उत्तर आले नाही. शेवटी अंधेरीला गेलो, तर त्या पत्त्यावर झेरॉक्सचे दुकान होते आणि दुकानदाराने संस्थेचे नावही ऐकलेले नव्हते.

सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही द्यावे लागते. परंतु मी काम घेण्यापूर्वी उद्यम नोंदणी, म्हणजे असा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, केलेली नव्हती, त्यामुळे तो मार्ग मला अवघड झाला. आपण भाषांतराची कामे घेत असाल, तर ही नोंदणी आजच करून घ्यावी. मी आता २०० संज्ञांचे पैसे जमा झाल्याशिवाय पुढच्या २०० देत नाही. शिवाय मतभेद झाल्यास कोणते मानक प्रमाण धरायचे आणि तपासणार कोण, हे आधीच ईमेलवर नावानिशी लिहून घेतो.