एसए की एनएसए? ५जी उभारण्याआधी ग्राहकाच्या खिशातला फोन मोजा

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. पुण्यात आम्ही काही वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर रेडिओ प्लॅनिंग केलं. आता तो आफ्रिकेतल्या एका मध्यम आकाराच्या ऑपरेटरकडे नेटवर्क बघतो. म्हणाला, "अरे, पंधरा दिवसांत बोर्डासमोर जायचंय. ५जी एसए घ्यायचं की एनएसए? एका पानाचा तक्ता करून दे ना."

तक्ता केला, पण त्याची टिपणंच जास्त झाली. तीच इथे नीट मांडतोय, कारण असाच प्रश्न पडलेले लोक मला आणखीही माहीत आहेत.

आधी दोन ओळींत फरक. एनएसए म्हणजे नॉन-स्टँडअलोन. यात फोन आधी ४जीला जोडला जातो, आणि डेटाचा जोर वाढला की त्याला ५जीची जादा मार्गिका मिळते. कोअर, म्हणजे टॉवरच्या मागचं मध्यवर्ती नेटवर्क, जुनाच राहतो. एसए म्हणजे स्टँडअलोन. यात फोन थेट ५जीला जोडला जातो आणि मागे ५जीचा स्वतःचा कोअर असतो. मोबाइल तंत्राची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने एनएसएचं मानक डिसेंबर २०१७ मध्ये पक्कं केलं आणि एसएचं जून २०१८ मध्ये. चिप आणि फोनही त्याच क्रमाने आले.

या तुलनेसाठी भारतापेक्षा चांगली प्रयोगशाळा सापडणार नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत ५जीचं उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात दोन मोठे ऑपरेटर दोन वेगळ्या वाटांनी निघाले. जिओने एसए घेतलं, एअरटेलने एनएसए. देश तोच, ग्राहक तेच, दुकानात मिळणारे फोनही तेच.

स्पेक्ट्रम: खरा निर्णय लिलावातच होतो

२०२२ च्या लिलावात एकूण सुमारे दीड लाख कोटींची बोली लागली. जिओचे त्यात ८८,०७८ कोटी, एअरटेलचे ४३,०८४ कोटी. फरक एवढा मोठा होण्याचं मुख्य कारण एकच, ७०० मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा. २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत हा बँड कुणी घेतलाच नव्हता, कारण राखीव किंमत, म्हणजे किमान बोली, परवडत नव्हती. २०२२ मध्ये जिओने देशातल्या बावीसही सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार विभागांत, १० मेगाहर्ट्झ उचलले, म्हणजे ३९,००० कोटींच्या वर रक्कम एका बँडवर लावली. ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडच्या तुलनेत दर मेगाहर्ट्झमागे बारा पट महाग सौदा.

तो का केला? एसएमध्ये फोन ५जीलाच टेकलेला असतो, त्यामुळे ५जीची रेंज घराच्या आतपर्यंत पोचावी लागते. ३३०० च्या लहरी भिंतीपाशी दमतात, ७०० च्या आरपार जातात. अमेरिकेत टी-मोबाइलने ऑगस्ट २०२० मध्ये देशभर एसए सुरू केलं, तेही ६०० मेगाहर्ट्झच्या जोरावर. मात्र १० मेगाहर्ट्झ म्हणजे अरुंद गल्ली. तिथे रेंज मिळते, पण चांगल्या ४जीपेक्षा फार वेग मिळत नाही. हे मार्केटिंगवाल्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एअरटेलने ७०० ला हात लावला नाही. त्यांच्याकडे मधल्या बँडमध्ये ४जी भरपूर होतं आणि एनएसएमध्ये रेंजचं ओझं त्या ४जीवरच पडतं. फोनकडून टॉवरकडे जाणारा कमजोर सिग्नलही ४जीच्या वाटेने पाठवता येतो, म्हणून ३३०० च्या टॉवरचा पल्ला थोडा ताणता येतो. एवढी मोठी रक्कम वाचवून केलेला हा शहाणा सौदा होता, असं माझं मत तेव्हाही होतं. फक्त त्याची मुदत मर्यादित होती, तो मुद्दा पुढे येतोच.

सहकाऱ्याला माझा पहिला प्रश्न हाच होता: तुझ्याकडे १००० मेगाहर्ट्झच्या खालचं, ५जीला देता येईल असं काही मोकळं आहे का? नसेल, तर देशभर एसएचं स्वप्न बोर्डाला दाखवू नकोस.

हँडसेट: फोनवरचं '५जी' कशाचं?

कोथरूडला माझ्या बहिणीचं घर तळमजल्यावर आहे. मागच्या दिवाळीत ती स्वयंपाकघरातून भाच्याशी व्हिडिओ कॉल करत होती आणि चित्र सारखं गोठत होतं. "वर बघ ना, ५जी दिसतंय की," ती म्हणाली. मी तिचा फोन घेतला आणि स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ हॅश स्टार हॅश स्टार डायल केलं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर यातून माहितीचा एक लपलेला पडदा उघडतो. त्यात स्वच्छ दिसत होतं: डेटा एलटीईवरून, म्हणजे ४जीवरूनच, चालला होता. खोटं कुणी बोलत नव्हतं. एनएसएमध्ये ४जीचा टॉवर 'इथे ५जीही आहे' असा इशारा सोडतो आणि तेवढ्यावर फोन चिन्ह रंगवून मोकळा होतो. बहिणीला हे समजावण्यापेक्षा मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. तिथे कॉल सुरळीत चालला.

हे सांगायचं कारण, एनएसएमध्ये ग्राहकाची अपेक्षा आणि अनुभव यांत अशी फट पडते आणि तक्रारी कॉल सेंटरला येतात. एसएमध्ये चिन्ह जास्त प्रामाणिक असतं. दुसरीकडे, एनएसएचा फोन ४जी आणि ५जी असे दोन रेडिओ एकदम चालवतो, त्याची किंमत बॅटरी मोजते.

पण सुरुवातीच्या दिवसांत फोनच्या बाबतीत एनएसएच पुढे होतं. २०२०-२१ मध्ये भारतात विकल्या गेलेल्या काही ५जी फोनमध्ये एन७८, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झचा, हा एकच उपयोगी बँड होता. ७०० मेगाहर्ट्झसाठी लागणारा एन२८ नव्हताच. काही फोनना एनएसए लगेच चाललं, एसएसाठी मात्र वेगळ्या अपडेटची वाट बघावी लागली. आणि आयफोन? नेटवर्क ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, पण महागातला महाग आयफोनही डिसेंबर २०२२ मधल्या आयओएस १६.२ पर्यंत ४जीवरच होता. हार्डवेअर तयार, टॉवर तयार, फक्त सॉफ्टवेअरची कडी आतून लावलेली. फोन बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक ऑपरेटरचं नेटवर्क तपासल्याशिवाय ती उघडत नाहीत. मोठ्या देशातल्या मोठ्या ऑपरेटरांनाही अडीच महिने थांबावं लागलं, मग छोट्या ऑपरेटरची रांगेतली जागा कुठे असेल याचा अंदाज करा. टॉवरची ऑर्डर देण्याआधी या चाचण्यांचं वेळापत्रक मागून घ्यावं.

आपल्या ग्राहकांच्या हातात काय आहे हे कळायला सर्वेक्षणाची गरज नाही. प्रत्येक फोनच्या पंधरा अंकी आयएमईआयचे, म्हणजे ओळख क्रमांकाचे, पहिले आठ अंक मॉडेल सांगतात, आणि ते ऑपरेटरच्या नोंदींत रोज पडून असतात. त्यातून चार रकाने काढायचे: ५जी फोन किती, त्यातले एसए चालणारे किती, आपला खालचा बँड असणारे किती, आणि आपल्या नेटवर्कवर व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल, खरोखर चालतं असे किती. चौथा रकाना बहुतेक जण काढतच नाहीत.

आवाज: इथे सगळे फसतात

माझ्या मते निर्णयाचं केंद्र इथे आहे. डेटा थोडा हळू चालला तर लोक कुरकुरतात, कॉल लागला नाही तर सिम बदलतात.

एनएसएमध्ये आवाजाचं काहीच बदलत नाही. कॉल आधीसारखाच ४जीवरून, व्हीओएलटीईने जातो, किंवा फोन जुना असेल तर २जीवर उतरतो. बोर्डाला झोप लागेल असा पर्याय.

एसएमध्ये दोन मार्ग आहेत. एक, कॉलही ५जीवरून, म्हणजे व्हीओएनआर. त्याला फोन, त्याचं सॉफ्टवेअर आणि सलग रेंज, तिन्ही हवं. दुसरा, कॉलपुरतं फोनला ४जीवर ढकलायचं. हे डोळ्यांनी बघता येतं: डायलचं बटण दाबलं की वरचं ५जी जातं, ४जी येतं, क्षणभर शांतता, मग रिंग. कॉल संपल्यावर ५जी परत यायला कधीकधी इतका वेळ लागतो की ग्राहकाला वाटतं नेटवर्क गेलं. म्हणजे दोन्ही मार्गांनी गेलात तरी खाली व्हीओएलटीई भक्कम लागतंच.

जिओला एसए सोपं गेलं त्याचं कारण मी इथे शोधतो, फक्त ७०० मध्ये नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला त्यांनी सेवा सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे २जी-३जी नव्हतंच. पहिल्या दिवसापासून प्रत्येक कॉल ४जीवरून. ज्यांच्या फोनमध्ये व्हीओएलटीई नव्हतं त्यांच्यासाठी अॅप काढलं, आणि स्वस्तातल्या ग्राहकासाठी २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन. नेटवर्कला साजेसा फोन बाजारात नाही, तर फोनच बाजारात आणला. एअरटेलने व्हीओएलटीई सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईपासून सुरू केलं आणि २जी आजही ठेवलंय. ज्याच्या मागे जुनं घर उभं आहे त्याने एनएसएची वाट धरली, यात नवल नाही.

ऑस्ट्रेलियात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. तिथलं शेवटचं ३जी २८ ऑक्टोबर २०२४ ला बंद झालं, तेही तारीख पुढे ढकलून. अडचण अशी की काही ४जी फोन रोजचे कॉल व्हीओएलटीईने करायचे, पण आणीबाणीच्या ०००ला मात्र ३जीवरच जायचे. ग्राहकाला ते कळायला मार्ग नव्हता, रोजचा फोन तर व्यवस्थित लागत होता. शेवटी असे फोन नेटवर्कवर चालूच द्यायचे नाहीत, असा आदेश निघाला. परदेशातून आणलेल्या फोनांत हा घोळ जास्त होता. म्हणून व्हीओएलटीईची चाचणी म्हणजे मित्राला 'हॅलो, ऐकू येतंय का' नव्हे. आपत्कालीन क्रमांक, रोमिंग, परदेशी मॉडेल, सगळं धरून ती करावी लागते.

जाता जाता: जुनं बंद करायचं तर कुठलं आधी? एअरटेलने २०२० मध्ये ३जी बंद केलं आणि २जी ठेवलं. ऑस्ट्रेलियाने उलटं केलं. आपल्याकडे बटणांचे फोन, जुनी कार्ड मशीनं, असं बरंच काही २जीवर आहे, आणि ३जी फोन २जीवरही बोलू शकतो. ज्या बाजारात बटणांचा फोन अजून खपतो, तिथे आपलीच पद्धत बरोबर.

पुढच्या सेवा

इथे पारडं एसएकडे झुकतं, आणि बऱ्यापैकी झुकतं. वायरलेस घरगुती इंटरनेट घ्या. एअरटेलने आपलं एअरफायबर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई-दिल्लीत आणलं, जिओने त्याच वर्षी गणेश चतुर्थीला. घरातला टीव्ही संध्याकाळी जो डेटा ओढतो त्यापुढे फोन म्हणजे चिल्लर. एसएमध्ये स्लाइसिंगने घरांची मार्गिका फोनच्या मार्गिकेपासून वेगळी काढता येते. एनएसएत ते नीट जमत नाही. पुढे एअरटेलनेही या सेवेसाठी एसए वापरायला घेतलं. मघाशी मुदत म्हटलं ती ही.

दुसरं, रेडकॅप. घड्याळं, ट्रॅकर, मीटर यांच्यासाठीचं हलकं ५जी. ते एसएवरच चालतं. २०२५ ची अॅपलची घड्याळं हेच वापरतात. दुकानात वस्तू आली आणि आपल्याकडे एसए नाही, तर ती ४जीवर चालेल आणि जादा भाडं मागायला तोंड राहणार नाही.

ई-सिमचा एसए-एनएसएशी काही संबंध नाही, पण तयारीच्या यादीत ते वरच हवं. २०२५ च्या आयफोन एअरला सिमची खाचच नाही, जगात कुठेही. ज्या ऑपरेटरची सगळी विक्री टपरीवरच्या सिमवर चालते, त्याने हे आजच शिकून घ्यावं.

पैशांबद्दल थोडकंच. एसएचा कोअर म्हणजे सॉफ्टवेअर. तो चालवायला क्लाउड जाणणारी माणसं लागतात, आणि ती राउटरपेक्षा उशिरा मिळतात. एनएसए आज स्वस्त, पण कोअरचा खर्च टळत नाही, पुढे सरकतो.

मग काय घ्यायचं?

खालचा बँड हातात आहे, व्हीओएलटीईवर बहुतेक कॉल जातायत, आणि घरगुती इंटरनेट विकायचंय: सरळ एसए. आज नव्याने सुरू करणाऱ्याने वाटेत एनएसएचा मुक्काम करू नये. एसए चालणारे फोन आता भारतात दहा हजारांच्या आत मिळतात, २०२२ ची सबब उरली नाही.

फक्त मधला बँड आहे, ४जी दाट आहे, आणि दोन-तीन शहरांतल्या गर्दीवर तोडगा हवाय: एनएसए घ्या, लाजू नका. मात्र टॉवरवरचे रेडिओ नुसतं सॉफ्टवेअर बदलून एसएला नेता येतील हे करारात, किमतीसकट, आजच लिहून घ्या. नंतर व्हेंडर तो आकडा तुमची गरज बघून ठरवतो.

व्हीओएलटीईच धड नाही: दोन्ही थांबवा.

आठवड्याने सहकाऱ्याचा पुन्हा फोन आला. आयएमईआयचे आठ अंक घेऊन त्याने यादी काढली होती. सगळ्यात वर बटणांचा, दोन सिमचा एक फोन होता. चौथ्या रकान्यात न बसणाऱ्यांत तर त्याच्याच बोर्डातल्या दोघांचे हँडसेट निघाले: फोन भारी, पण कॉल करताना अजून २जीवर उतरणारे. "एसए-एनएसए पुढच्या बैठकीला," तो म्हणाला. "आधी व्हीओएलटीईचे पैसे मागतो. तुझ्याकडे त्या चाचण्यांची जुनी शीट आहे का रे?"

शोधून पाठवली.