क्योगेचा लाल कोट आणि बुडालेले २१,६०० क्रोनर

जुना म्हणून घेतलेल्या लष्करी कोटाचे १४,५०० डॅनिश क्रोनर, काडतुसांची पेटी आणि तिच्यावरचं पितळी राजचिन्ह ६,२००, अस्सलपणाचा दाखला ९००. एकूण २१,६०० क्रोनर गेले. ‘दुसरं गिऱ्हाईक उद्याच येतंय’ वगैरे प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत. माल कुठे खोटा होता तेवढं सांगतो, कारण तसाच माल अजून विकला जातोय.

विक्रेता सांगत होता, हा डॅनिश पायदळाचा कोट डेन्मार्कमधल्या क्योगे गावाजवळ २९ ऑगस्ट १८०७ ला इंग्रजांशी झालेल्या लढाईतला. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तिथे इंग्रजांचा सेनापती होता. मराठी माणूस या नावाला थबकतोच.

आता ते राजचिन्ह. वर मुकुट, खाली ‘एफ’ आणि सहाचा आकडा. म्हणजे सहावा फ्रेडरिक. तो राजा झाला मार्च १८०८ मध्ये! क्योगेच्या वेळी गादीवर सातवा क्रिश्चन होता. चिन्हाची ती पितळी पट्टी दहा मिनिटं माझ्या तळहातावर होती, भिंगाखाली होती. चिन्ह वाचलं, लढाईची तारीखही पाठ होती, तरी दोन्हींचा मेळ घातला नाही. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. फ्रेडरिक युवराज असताना १७८४ पासून कारभार तोच बघायचा, हे माहीत होतं म्हणून ‘एफ’ खटकला नाही. पण कारभार कोणीही बघो, चिन्ह गादीवरच्या राजाचंच असतं.

शिवाय १८०७ मध्ये डेन्मार्कचं मुख्य सैन्य दक्षिणेला होल्स्टाइनमध्ये होतं. क्योगेला उभे होते ते बहुतेक घाईने जमवलेले लांडेव्हर्नचे, म्हणजे राखीव नागरी फौजेचे लोक. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पायांत लाकडी जोडे होते, त्यावरूनच ‘लाकडी जोड्यांची लढाई’ हे नाव पडलं. तेव्हा कवायती पलटणीचा नीटनेटका कोट ‘क्योगेचा’ म्हणून कोणी पुढे केला, तर आधी त्याची कागदोपत्री वंशावळ मागा.

कापडाचं सांगतो. त्या काळचं लष्करी लोकरी कापड दाबून इतकं घट्ट करत की कापलेली कड उसवत नसे, म्हणून ती बहुधा न दुमडता तशीच सोडलेली असते. माझ्या कोटाची प्रत्येक कड आत दुमडून शिवलेली होती. आतली शिवण यंत्राची, वरून दिसणारी तेवढी हाताची. शिलाई यंत्रं १८५० नंतर पसरली. अतिनील दिवा २०० क्रोनरला मिळतो, तो घेऊन जा. नव्या पांढऱ्या दोऱ्यातली चमक आणणारी रसायनं त्याखाली निळी पेटतात. नुसतं अस्तर चमकलं तर मात्र नंतर कोणी साबणाने धुतलंही असेल, तेवढ्यावर निकाल देऊ नका.

आणि भोकं. कोटाला कसर लागल्याची सात भोकं होती. साती भोकं आरपार, लिननच्या अस्तरातूनही गेलेली. कसर लोकर खाते, लिननच्या वाटेला जात नाही. कोट उलटा करून उजेडासमोर धरला असता तर जागेवरच कळलं असतं.

पट्टी म्हणे शेतात सापडली. तिचा हिरवा गंज स्पिरिटच्या बोळ्याने पुसला गेला, खाली नवंकोरं पितळ. डेन्मार्कमध्ये जमिनीतून निघालेली ऐतिहासिक मोलाची वस्तू ‘डेनेफे’ म्हणून राष्ट्रीय संग्रहालयाकडे द्यावी लागते. उकरून काढलेली म्हणून कोणी वस्तू विकत असेल, तर संग्रहालयाने ती पाहून परत दिल्याचा कागद मागा. नसेल तर उठा.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयाने सात आठवडे घेतले आणि कळवलं की विक्रेता दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, आमच्याकडे येत नाही. मी लेखी विचारलं: पट्टी खोटी असेल तर फसवणूक, खरी असेल तर डेनेफेचा प्रश्न, मग यातलं काहीच कोणी का तपासत नाही? उत्तरात आधीचंच पत्र नव्या तारखेने आलं. चौदा फोटो जोडले होते, एकही उघडून पाहिल्याची खूण नाही. दाखला देणाऱ्याचा पत्ता तपासा म्हटलं, तर तेही मलाच करायला सांगितलं. मी गेलो. त्या पत्त्यावर सायकलींचं गोदाम आहे.

विक्रेत्याला पाठवलेल्या तक्रारीत मी राजचिन्हाची चूक सविस्तर लिहिली होती. गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात आली: तसाच कोट, तशीच पट्टी, किंमत २३,०००. आता तो सेहेस्टेडच्या लढाईतला आहे, १० डिसेंबर १८१३. या वेळी ‘एफ’ आणि सहा बरोबर जुळतात. फोटोत अस्तर दाखवलेलं नाही.