एफ-१५० लाइटनिंग, अकरा महिन्यांनंतर: आधी न्यूट्रलचं विचारा

२४ ऑगस्ट २०२३ च्या रात्री आग्नेय मिशिगनमध्ये वादळं झाली आणि आमच्या गल्लीतली वीज गेली. तळघर असलेल्या कुणालाही सांगायला नको, अशा वेळी पहिला जीव अडकतो तो संप पंपात, म्हणजे तळघरात साचणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपात. तो बंद पडला की खड्ड्यात झिरपणारं पाणी तासाभरात फरशीवर येतं. मी गराजमध्ये गेले, आमच्या इलेक्ट्रिक पिकअप ट्रकच्या हौद्यातल्या २४० व्होल्टच्या सॉकेटला जाड केबल लावली, पॅनेलशेजारचा खटका फिरवला. खाली पंप घरघरला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

फोर्डचा हा ट्रक, एफ-१५० लाइटनिंग, आम्ही २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये घेतला. लॅरिएट नावाची आवृत्ती, १३१ किलोवॅट-तासांची मोठी बॅटरी, किंमत ८० हजार डॉलरच्या घरात. एवढे पैसे एका गाडीवर घालायची माझी तयारी नव्हती. ५८० अश्वशक्ती आणि दाबला की सुटणारा वेग याबद्दल सगळीकडे भरपूर वाचायला मिळतं, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. चालवायला ट्रक सुरेख आहे, शांत आहे. घरी चार्ज केला तर मैलाला आठ-नऊ सेंट पडतात, आमच्या जुन्या पेट्रोलच्या पिकअपला वीस पडायचे.

तरी पहिले चार महिने मला पस्तावा होत होता. कागदावर एका चार्जवर रेंज ३२० मैल, पण जानेवारीत शून्याखाली १० अंशांना हायवेवर २०० च्या आसपासच मिळाले. थंडीत कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी मंदावते, त्यात आमच्या ट्रकला हीट पंप (कमी विजेत केबिन गरम करणारी यंत्रणा) नाही, म्हणजे केबिन गरम करायला बॅटरीतली जास्त वीज जाते. शिकागोला बहिणीकडे जाताना दोनदा थांबलो. निघण्याआधी, केबल लावलेली असतानाच गाडी गरम करून घ्यायची आणि वाटेत सीटच्या हीटरवर भागवायचं, याने बराच फरक पडतो. जड ट्रेलर जोडलात तर रेंज निम्मी धरून चाला.

माझं मत फिरलं २२ फेब्रुवारीच्या बर्फवादळात. झाडांच्या फांद्यांवर काचेसारखा बर्फ चढला, तारा तुटल्या, आमची वीज अडीच दिवस गेली. तेव्हा घराचं वायरिंग ट्रकला जोडलेलं नव्हतं. हौद्यातून एक्स्टेन्शनच्या वायरी काढल्या, गराजच्या दाराखालून आत ओढल्या, आणि फ्रिज, पंप व एक छोटा हीटर त्यावर चालवला. घर गरम करणाऱ्या भट्टीची वायर थेट भिंतीत जाते, त्यामुळे ती मात्र बंदच. आम्ही चौघं एका खोलीत झोपलो. बॅटरी ९१ टक्क्यांवरून ३८ वर आली. ना धूर, ना आवाज, ना रात्री उठून पेट्रोल भरणं. मी बीडला लोडशेडिंगमध्ये वाढले. बाबा इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, दोन ट्यूब आणि एक पंखा चालला तरी आम्हाला पुष्कळ वाटायचं. इथे हौद्यातून ७.२ किलोवॅट मिळतात, पुढच्या डिकीतून आणि केबिनमधून आणखी २.४.

मग ठरवलं की घराच्या पॅनेललाच जोडायचं. ट्रकमधून घराला आपोआप वीज देणारी पूर्ण यंत्रणा मिळत होती, पण तिच्या बसवणुकीचा खर्च ऐकून मी साधा मार्ग धरला: जनरेटरसाठी बसवतात तसं बाहेरचं सॉकेट आणि हाताने फिरवायचा खटका. एका इलेक्ट्रिशियनने दिवसभरात काम उरकलं, पैसे घेतले आणि गेला. संध्याकाळी केबल लावली. टक्. ट्रकच्या स्क्रीनवर ग्राउंड फॉल्ट, म्हणजे वीज गळतेय असा इशारा. पुन्हा लावली, पुन्हा टक्.

कारण समजून घ्या, कारण हेच तुमचे पैसे वाचवेल. ट्रकच्या आत न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असतं. घराच्या मुख्य पॅनेलमध्येही ते जोडलेलं असतं. त्यामुळे परतीचा थोडा प्रवाह अर्थिंगच्या वायरीतून वाहतो, ट्रकला वाटतं वीज गळतेय, आणि तो पुरवठा तोडतो. तोडतो ते बरोबरच करतो. सुरक्षित उपाय: फेजबरोबर न्यूट्रलही बदलणारा, म्हणजे तीही वायर ट्रकवर वळवणारा खटका.

इलेक्ट्रिशियनला फोन केला तर म्हणाला, केबलमधली अर्थिंगची वायर कापून टाकू, लगेच चालेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. ओल्या तळघरात, पाण्यात उभ्या असलेल्या पंपाची अर्थिंग कापायची? माझी मुलं तिथे खेळतात. तीन आठवडे फोन चालले. तो ट्रकला दोष देत राहिला, मी ट्रकच्या माहितीपुस्तिकेतलं पान त्याला पाठवत राहिले. शेवटी खटका बदलून दिला, सामानाचे पैसे मी दिले, मजुरी दिली नाही.

ऑगस्टमध्ये ४१ तास वीज नव्हती. पंप, फ्रिज, डीप फ्रीझर, दिवे, वायफाय, सगळं ट्रकवर. एसी मात्र लावला नाही. ८८ टक्क्यांवरून ५७. शेजारच्या आजींच्या फ्रिजलाही कुंपणावरून एक वायर दिली, त्यांचं इन्सुलिन त्यात होतं.

तुम्ही घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला पहिल्याच फोनवर विचारा, खटका न्यूट्रलही बदलतो का. उत्तर द्यायला अडखळला तर दुसरा बघा. आणि वादळाचा इशारा आला की आदल्या रात्रीच ट्रक चार्जिंगला लावा, मी लावते.