दोन बाटल्यांचा सायनोटाइप संच : नाशिकच्या उन्हात निळा कसा उतरतो

फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याला पर्यायी छपाईचा प्रकल्प करायचा असेल, तर ऑनलाइन मिळणारा दोन बाटल्यांचा सायनोटाइप (उन्हाने कागदावर निळा प्रिंट उमटवण्याची पद्धत) संच ही सर्वांत सोपी सुरुवात आहे. एका बाटलीत फेरिक अमोनियम सायट्रेटची हिरवट पूड, दुसरीत पोटॅशियम फेरिसायनाइडचे लाल-नारिंगी खडे. दोन्हींत पाणी घालायचं, हलवायचं, रात्रभर मुरू द्यायचं. मग लागेल तेवढंच सम प्रमाणात एकत्र करून कागदाला लावायचं, अंधारात वाळवायचं आणि उन्हात ठेवायचं. डार्करूम लागत नाही, एन्लार्जर लागत नाही. पैसे नक्की वसूल होतात, पण विषय या रसायनाला शोभणारा हवा. मोबाइलमधला फोटो नुसता निळा करायचा असेल तर एवढा खटाटोप करू नका.

तयार संच घ्यावा की सुटी रसायनं? दहा-पंधरा प्रिंटपुरतं काम असेल तर संच बरा, वजनकाटा लागत नाही. वर्गातल्या चौघांनी मिळून करायचं असेल तर कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून सुटी रसायनं घ्या. नेहमीचं प्रमाण असं: 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम फेरिसायनाइड. ए-फोर कागदाला साधारण 3 मिली मिश्रण पुरतं, म्हणजे एवढ्यात साठ-पासष्ट प्रिंट निघतात. द्रावणं गडद बाटल्यांत, वेगवेगळी ठेवा. एकत्र केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. सायट्रेटच्या द्रावणावर बुरशी धरते, ती कॉफीच्या फिल्टरमधून गाळली की काम चालतं.

संचाबरोबरच्या माहितीपत्रकात कागदाबद्दल फारसं काही नसतं, आणि गाडी अडते ती तिथेच. 200 ते 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) जलरंगाचा कागद घ्या, सुती असेल तर उत्तम. बऱ्याच ‘ॲसिड-फ्री’ कागदांत कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं. ते अल्कधर्मी, आणि निळ्याचं अल्कलीशी मुळीच जमत नाही. प्रिंट धुताना छान दिसतो, पण पुढे फिकट आणि पिवळट होत जातो. कॉलेजरोडच्या स्टेशनरीच्या दुकानातून पूर्ण पॅड घेण्याआधी सुटा एक ताव आणून पट्टी छापून बघा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचीही तीच गत. पहिल्या धुण्याच्या लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घातलं की हा त्रास बराच कमी होतो, वर मधल्या छटाही जास्त टिकतात.

ब्रश पत्र्याच्या पट्टीचा नको. लोखंडाचा कण मिश्रणात गेला की तिथे निळा ठिपका उठतो. बांबूच्या दांड्याचा सपाट ब्रश किंवा साधा फोमचा तुकडा चालतो. लावताना खोलीत मंद पिवळा दिवा ठेवा, खिडकीचा उजेड नको. वाळलेला थर पिवळसर-हिरवा दिसला पाहिजे. आधीच निळसर दिसत असेल तर त्याला उजेड लागलाय, तो ताव बाद.

आता ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर पानाफुलांच्या प्रिंटला सहा ते आठ मिनिटं पुरतात, फोटोची निगेटिव्ह (उलट छटांची पारदर्शक फिल्म) असेल तर दहा ते पंधरा. हे आकडे फक्त अंदाजासाठी. पहिल्या तावावर पुठ्ठा दोन-दोन मिनिटांनी सरकवत चाचणी पट्टी काढा. थर निळा झाला म्हणून लगेच उचलू नका. निळ्याच्या पुढे जाऊन तो मळकट राखाडी, काहीसा काशाच्या भांड्यासारखा दिसू लागला की उचला, कारण धुण्यात बराच रंग वाहून जातो. पावसाळ्यात हे काम काढू नये. ढगाळ दिवशी वेळ तिप्पट-चौपट होतो आणि हवेतल्या दमटपणामुळे थर नीट वाळत नाही. ओलसर कागदावर निगेटिव्ह ठेवली की दोन्ही खराब.

विषयाचं म्हणाल तर या प्रक्रियेचा इतिहासच वाट दाखवतो. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती 1842 मध्ये शोधली. पुढच्याच वर्षापासून वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालं थेट कागदावर ठेवून, कॅमेऱ्याशिवाय, त्यांच्या नोंदी छापायला सुरुवात केली. दुसरी प्रेरणा तर घरचीच. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी, सिनेमाला भांडवल मिळावं म्हणून, कुंडीतल्या वाटाण्याचं वाढणं थोडंथोडं करून कॅमेऱ्यात टिपलं होतं. वनस्पती आणि काळ हे दोन्ही धागे नाशिकमध्ये द्राक्षबागेत एकत्र येतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट येते. बागायतदाराला विचारून एकाच वेलीचं दर आठवड्याला एक पान घ्या, जून उजाडेपर्यंत. कोवळं पान पातळ असतं, त्यातून ऊन झिरपतं आणि शिरांची जाळी उमटते. निबर झालेलं पान ऊन अडवतं, त्याची फक्त पांढरी आकृती राहते. सहा प्रिंट ओळीने लावले की पानाचं जाड होत जाणंच दिसतं. सायनोटाइपशिवाय दुसऱ्या कशात ही मालिका इतकी सरळ जमणार नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पान तोडल्यावर दोन दिवस रद्दीत दाबून ठेवा, नाहीतर काचेखाली त्याला पाणी सुटतं आणि कडेला डाग पसरतात. आणि बागेत बोर्डो हे बुरशीनाशक फवारलेलं असेल तर पान धुऊन पुसून घ्या. त्यात चुना असतो, तो जिथे लागेल तिथे निळा उडतो.

फोटोवरून छापायचं असेल तर पांडवलेणीतल्या तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख घ्या. तिरपा उजेड पडला की अक्षरांच्या खाचा गडद होतात, आणि असा ठळक विषय या निळ्यात खुलतो. गोदाघाटावरची गर्दी मात्र बहुतेक वेळा निळा चिखल होते, कारण बारीक करड्या छटा यात दाबल्या जातात. फोटो कृष्णधवल करा, उलट छटेत न्या, आडवा पलटवा आणि इंकजेटसाठीच्या पारदर्शक फिल्मवर छापा. लेझर प्रिंटरची काळी शाई विरळ पडते, तेव्हा दोन प्रती अचूक जुळवून एकावर एक लावा. वर फोटोफ्रेमच्या दुकानातली साधी काच ठेवून चारही बाजूंनी चिमटे लावा. काच नीट दाबली गेली नाही तर अक्षरं पुसट येतात.

धुताना सगळंच निळं वाहून गेलं तर ऊन कमी पडलं. पांढरा भाग निळसर राहिला तर उजेड लागला किंवा मिश्रण शिळं होतं. पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत धुवा, पाच ते दहा मिनिटं. हातमोजे घाला. टॉयलेट साफ करायचं ॲसिड या रसायनांच्या जवळही आणू नका, फेरिसायनाइडवर तीव्र ॲसिड पडलं तर विषारी वायू निघू शकतो.

धुतल्या धुतल्या निळा फिका वाटला तर घाबरू नका, एका दिवसात हवेने तो गडद होतो. प्रदर्शनात खिडकीसमोर टांगलेला प्रिंट काही आठवड्यांत उतरला, तर काढून अंधाऱ्या कपाटात ठेवा. गेलेला निळा बराचसा परत येतो.