अंगणवाडी, पाळणाघर की कंपनीचा पाळणा? सांगलीत कामावर परतणाऱ्या आईसाठी

रजा संपत आली की घरात एकच विषय असतो: बाळाला कोण सांभाळणार? माझ्या मुलीच्या वेळी मी कुपवाड एमआयडीसीत हिशेबाच्या कामाला होते, सासूबाईंना गुडघ्यांमुळे रांगत्या लेकराच्या मागे धावणं जमणारं नव्हतं आणि यांची सकाळ मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत जायची. तेव्हा सगळे दरवाजे मीच ठोठावले.

आधी रजेचं बघा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, तिसऱ्याला १२. ही झाली नोकरदार बाईची गोष्ट. तासगावच्या द्राक्षबागेत रोजंदारीवर विरळणीला जाणाऱ्या बाईला कोण पगारी रजा देणार? निकषांत बसत असेल तर तिला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. बुडालेल्या रोजाला तेवढाच हातभार. बाळाला सांभाळायला माणूस मात्र त्यातून मिळत नाही.

अंगणवाडीबद्दल शिकलेल्या घरांत एक अढी असते, 'ती गरिबांची'. माझ्याही मनात होती. पण तिथला आहार २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा हक्क आहे, फी एक रुपयाही नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहाच्या मुलांना तिथेच ताजं गरम जेवण आणि शाळापूर्व शिक्षण. माझ्या मुलीचं वजन केल्यावर सेविकाताईंनी तिच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळली. लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषण. पिवळा साडेबारापर्यंत, त्यापुढे हिरवा. आमची पिवळ्याच्या अगदी कडेला! घरात सगळे म्हणत होते, 'अंगकाठीच बारीक आहे'. त्या दिवसापासून मी तिच्या ताटाकडे नीट बघायला लागले. एवढं बारकाईने मोजणारं मला दुसरीकडे कुणी भेटलं नाही.

अडचण वेळेची. अंगणवाडी सकाळचे काही तास चालते आणि कंपनीची पाळी संध्याकाळी सुटते. शिवाय दोन वर्षांचं मूल दिवसभर तिथे ठेवता येत नाही. सेविका आणि मदतनीस एवढ्याच दोघी, त्यात नोंदी, गृहभेटी, लसीकरणाचे दिवस. त्यांच्याकडून सांभाळण्याची अपेक्षा धरणं मला अन्यायाचं वाटतं.

ही उणीव भरायला केंद्राची 'पाळणा' योजना आहे: अंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. काम करणाऱ्या आईला खरं तर हेच हवं. पण प्रत्येक अंगणवाडीत ते नसतं, म्हणून आपल्या भागात आहे का, हे रजा संपायच्या दोन महिने आधीच बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा.

कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. ५० म्हणजे बायका-पुरुष मिळून. बऱ्याच जणींना वाटतं नुसत्या बायका मोजायच्या, आणि त्या मागतच नाहीत. अंगावर पिणारं बाळ असेल तर माझी पहिली पसंती हीच.

खासगी पाळणाघराच्या वेळा सोयीच्या, पण तिथे एकदा मी न सांगता दुपारी गेले. सात-आठ मुलं टीव्हीसमोर बसवलेली आणि माझी मुलगी ओल्या चड्डीत. दुसऱ्या दिवशी तिला काढली. दुसरं निवडताना मी फीच्या आधी विचारलं, किती मुलांमागे एक बाई, आणि मधल्या वेळी आलं तर आत सोडता का?

शेवटी आम्ही दोन्ही धरलं. दिवसा हे नवं पाळणाघर, आणि अंगणवाडीत नाव कायम. आहार आणायला आणि वजनाला सासूबाई नेत. तेवढं चालणं त्यांना झेपायचं. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर मुलगी सकाळी अंगणवाडीत बसू लागली, आणि तिथून तिला पाळणाघरात सोडायला शेजारच्या काकू तयार झाल्या. मूल पाळणाघरात आहे म्हणून अंगणवाडीतलं नाव काढू नका. नाव घालायला जाताना बाळाचा जन्मदाखला, आधार आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा.